एकाच मंडपाचे चौदा खांब : नेरुळमधील एका सोसायटीतील लाकूड कुजण्याचे प्रकरण

नेरुळमध्ये, पाम बीच रस्त्यापासून जवळ असलेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने २०१७ च्या सुरुवातीस आपल्या बागेत लाकडी मंडप उभारला. चौदा खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फूट-फूट अंतराने वासे, मधल्या भागावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे आणि दोन्ही टोकांना वेली चढवण्यासाठी उघडी चौकट, असे त्याचे स्वरूप होते. खांब परदेशातून आलेल्या पाइनचे, चार इंच चौरस, वासे सागवानाचे. कामाच्या आदेशात खांबांसमोर ‘ट्रीटेड पाइन, टर्माइट प्रूफ’ आणि वाशांसमोर ‘घाना साग, पॉलिशसह’ एवढाच मजकूर होता. ऑगस्ट २०२२ मध्ये गणेशोत्सवाच्या तयारीत ताडपत्रीची दोरी एका खांबाला बांधून ताणली, तेव्हा तो खांब जमिनीलगत हलला. बाकीचे खांब हलवून पाहिले तेव्हा आणखी काही डगमगतात असे आढळले आणि मंडपाचा वापर त्याच दिवशी थांबवण्यात आला.

संस्थेच्या कार्यकारिणीचा पहिला तर्क वाळवीचा होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. दोन खांबांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या २०१९ मध्येच दिसल्या होत्या. तेव्हापासून कीटकनाशक फवारणीचे वार्षिक कंत्राट चालू होते आणि खांबांभोवतीच्या मातीत क्लोरपायरिफॉसचे द्रावण दरवर्षी सोडले जात होते. त्यामुळे सभेत प्रश्न विचारला गेला तो असा की, लाकूड प्रक्रिया केलेले, माती औषध दिलेली, मग वाळवी आली कुठून? सचिवांनी खांब काढून लोखंडी पाइप बसवावेत आणि त्यांना लाकडासारखा रंग द्यावा, असा प्रस्तावही मांडला. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते हे त्याच आवारातील गंजलेल्या कुंपणाकडे पाहून कळण्यासारखे होते, म्हणून निर्णयापूर्वी तपासणी करून घ्यावी असे ठरले. ती तपासणी आणि तिच्यातून निघालेले निष्कर्ष हा या टिपणाचा विषय आहे. संस्थेची ओळख तिच्या विनंतीनुसार दिलेली नाही.

तपासणीत काय आढळले

पाऊस ओसरल्यावर प्रत्येक खांब हातोडीने ठोकून, टोच्याने टोचून आणि ओलावामापक लावून पाहण्यात आला. जमिनीपासून कमरेच्या उंचीवर सर्व खांबांचा ओलावा १८ ते २० टक्क्यांच्या आसपास होता. पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ ते ९० टक्के असताना उघड्यावरील लाकूड हवेतूनच एवढा ओलावा धरते, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हते. जमिनीलगत मात्र मापक ३० च्या पुढे गेला. या मर्यादेपलीकडे त्याच्या आकड्यांना अर्थ उरत नाही आणि धातूचे क्षार मुरलेल्या लाकडात तो नेहमीच थोडा जास्त आकडा दाखवतो. पण लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात तो टप्पा २८ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान येतो, आणि कुजवणाऱ्या बुरशीला हवे असते ते नेमके हेच. ओलावा कायम २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही; तो तंतूंच्या संपृक्ततेपलीकडे गेला आणि सोबत हवा व ऊब मिळाली की तिला आणखी काही लागत नाही. नवी मुंबईत ऊब बारा महिने असते.

चौदांपैकी सात खांब निकामी झाले होते. त्यांचे बाहेरचे दोन-अडीच सेंटिमीटर लाकूड टणक आणि हिरवट होते, आत मात्र पोकळी किंवा तपकिरी, चौकोनी भेगांचा भुगा होता. डोळ्यांनी पाहून हे खांब चांगले वाटत, ठोकल्यावर पोकळ वाजत. जमिनीत पुरलेले आणखी दोन खांब अजून भक्कम होते. उरलेल्या पाच खांबांना जवळजवळ काहीच झालेले नव्हते.

हे पाच खांब वाचले कसे, हा या प्रकरणातील सर्वांत उपयोगी प्रश्न ठरला. लाकूड तेच, पुरवठादार तोच, सुतार तोच, पाऊस तोच. फरक एवढाच होता की बागेचा एक भाग वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर येतो, आणि तिथे जलरोधक थराला भोक पडू नये म्हणून खड्डे खणता आले नव्हते. त्या पाच खांबांखाली नाइलाजाने लोखंडी पट्ट्या बसवून ते फरशीपासून इंचभर वर उभे केले होते. बोल्ट गंजले होते, पट्ट्यांवर पापुद्रे आले होते, पण लाकडाचे बूड प्रत्येक पावसानंतर सुकत होते. उरलेले नऊ खांब मातीच्या भागात दीड फूट खोल खड्ड्यांत उभे करून सभोवार काँक्रीट ओतले होते. लाकूड सुकताना थोडे आकसते, त्याच्या आणि काँक्रीटच्या मध्ये केसाएवढी फट पडते, पावसाचे पाणी तिच्यातून उतरते आणि खाली निचरा नसल्यामुळे तिथेच राहते. आधारासाठी म्हणून दिलेल्या काँक्रीटचे अशा रीतीने पाणी धरून ठेवणारे भांडे झाले होते.

पण मग त्याच नऊ खांबांमधले दोन का टिकले? याचे उत्तर प्लॅस्टिकच्या एका लहानशा पट्टीत मिळाले. न्यूझीलंडमध्ये प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या टोकाला खिळ्याने एक पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर लाकडात भरलेल्या रसायनाचा आणि धोकावर्गाचा, म्हणजे ते लाकूड कोणत्या जागी वापरायचे त्या श्रेणीचा, उल्लेख असतो. निकामी झालेल्या सातही खांबांच्या पट्ट्या वर, तुळईखाली लपलेल्या टोकांवर सापडल्या. टिकलेल्या दोन खांबांच्या वरच्या टोकावर पट्टी नव्हती. ते उकरून काढल्यावर पट्ट्या तळाशी दिसल्या. तीन मीटर लांबीचे खांब जागेवर अर्धा फूट कापून बसवले होते. सातांचे कापलेले टोक जमिनीत गेले होते, दोघांचे कारखान्यातून आलेले टोक.

सुताराच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. कारखान्यातले टोक काटकोनात कापलेले असते, ते वर ठेवले की तुळईला बैठक सरळ मिळते. हाताने कापलेले, थोडे तिरके टोक काँक्रीटमध्ये गेले तरी कोणाला दिसत नाही. ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर सागाचे काम केले त्यांना लाकडाची दोन टोके टिकाऊपणात वेगळी असू शकतात, हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. ते सांगणे पुरवठादाराचे आणि आराखडा करणाऱ्याचे काम होते.

कापल्यावर नेमके काय उघडे पडले

बाद झालेल्या एका खांबाचा चांगल्या भागातून आडवा छेद घेऊन त्यावर क्रोम अझुरॉल एस या रसायनाचे द्रावण लावण्यात आले. तांबे, म्हणजे या खांबांत भरलेल्या औषधाचा एक घटक, असेल तिथे ते गडद निळे होते. छेदावर बाहेरून सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची निळी चौकट उमटली आणि मधला भाग तसाच फिकट राहिला. पाइनचे बाहेरचे रसकाष्ठ औषध सहज शोषते. मधले अंतःकाष्ठ दाब देऊनही फारसे शोषत नाही. ज्या खांबात झाडाचा गाभाच मध्यभागी आलेला असतो, त्याला औषधाचे फक्त कवच असते. कवच सर्व बाजूंनी अखंड असेपर्यंत ते पुरते. खांब आडवा कापला की प्रक्रिया न झालेला गाभा उघडा पडतो, आणि नेमकी तीच बाजू पाण्यात उभी केली तर बुरशी आतून वर चढते. त्यात लाकूड बाजूंपेक्षा टोकाच्या छेदातून कितीतरी पट वेगाने पाणी ओढते. सात खांब आतून पोकळ आणि बाहेरून टणक का होते, याचा उलगडा या एका छेदाने झाला.

पट्टीवर आणखी एक गोष्ट लिहिलेली होती, ती म्हणजे धोकावर्ग एच-३. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत हा वर्ग जमिनीच्या वर, पावसात उघड्या राहणाऱ्या लाकडाचा आहे. जमिनीत पुरायच्या लाकडासाठी एच-४, त्याहून गंभीर भारासाठी एच-५ आणि समुद्राच्या पाण्यासाठी एच-६ असे पुढचे वर्ग आहेत. प्रत्येक वर्गात लाकडात राहणारे औषध अधिक आणि त्याचा शिरकाव अधिक खोल असावा लागतो. अमेरिकी मानकांत हाच क्रम आकड्यांत दिसतो : तांबे-क्रोम-आर्सेनिक मिश्रण जमिनीच्या वर घनमीटरला ४ किलो, जमिनीत ६.४ किलो आणि खाऱ्या पाण्यात ४० किलो. म्हणजे ‘ट्रीटेड’ हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. ठाण्याच्या खाडीत उभ्या करायच्या खुंटाला आणि बागेतल्या कठड्याला तो सारखाच लागू पडतो, पण त्या दोन लाकडांत दहापट औषधाचा फरक असतो. या संस्थेने एच-३ वर्गाचे लाकूड विकत घेतले आणि एच-४ च्या जागी वापरले. दोन भक्कम खांबांच्याही पृष्ठभागावर जमिनीलगत तीन-चार मिलिमीटर मऊपणा आलेला होता. कारखान्यातले टोक खाली ठेवल्याने त्यांना वेळ मिळाला होता, अभय नव्हे.

तांबे-क्रोम-आर्सेनिक हे मिश्रण मुळात आपल्याकडचे, ही गोष्ट इथे जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी ते १९३० च्या दशकात तयार केले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक किडीला आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंत बांधून ठेवते, त्यामुळे ते पावसाने धुऊन जात नाहीत. बंद टाकीत आधी लाकडातील हवा काढून घेऊन मग दाबाने औषध भरण्याची पद्धत याहून शंभर वर्षे जुनी आहे. जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये तिचे पेटंट घेतले. रेल्वेच्या स्लीपरांमुळे ती जगभर पसरली. आज तेच मिश्रण न्यूझीलंडहून पट्टी लावून नेरुळला येते आणि ती पट्टी कोणी वाचत नाही.

वाळवीचा प्रश्न यानंतर फारसा उरला नाही. नळ्या खऱ्या होत्या, पण वाळवी कुजून मऊ झालेल्या गाभ्यात शिरली होती. कूज आधी, वाळवी नंतर. फवारणीने वाळवी आटोक्यात राहिली, हे त्या कंत्राटाच्या बाजूने सांगायला हवे. मात्र क्लोरपायरिफॉस कीटकनाशक आहे, बुरशीशी त्याचा संबंध नाही, आणि दरवर्षीच्या त्या पावतीमुळे खांबांची काळजी घेतली जात आहे असा समज टिकून राहिला.

सागाचे वासे

खांबांच्या मानाने वाशांची कथा छोटी आहे, पण तिच्यात एक वेगळी गंमत आहे. सागाचे अंतःकाष्ठ भारतीय वर्गीकरणात सर्वांत टिकाऊ गटात येते, म्हणजे नमुना जमिनीत अर्धा पुरून ठेवला तर सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकतो. ही ख्याती अंतःकाष्ठाची आहे. कोणत्याही झाडाचे रसकाष्ठ टिकाऊ नसते, सागाचेही नाही. जलद वाढवलेल्या लागवडीच्या सागात झाडे कोवळी असताना तोडली जातात आणि रसकाष्ठाचे प्रमाण जास्त राहते. या मंडपाच्या बऱ्याच वाशांना एका कडेने फिकट पांढरा पट्टा होता, पॉलिशच्या तपकिरी रंगाखाली झाकलेला.

त्या पांढऱ्या पट्ट्याचे मंडपाच्या दोन भागांत दोन निराळे हाल झाले होते. उघड्या भागात वाशांची टोके कुजली होती. शेफर या अमेरिकी लाकूडतज्ज्ञांनी १९७१ मध्ये जमिनीच्या वरील लाकडाच्या कुजीचा धोका हवामानावरून मोजण्याचे एक सूत्र दिले : महिन्याच्या सरासरी तापमानातून २ वजा, पावसाच्या दिवसांतून ३ वजा, दोहोंचा गुणाकार भागिले १६.७, आणि बारा महिन्यांची बेरीज. ती ६५ च्या वर गेली की धोका मोठा मानतात. आपल्याकडच्या जुलैसाठी तापमान २७ अंश आणि पावसाचे दिवस २५ धरले तर त्या एका महिन्याचेच ३३ होतात. जून, ऑगस्ट आणि सप्टेंबर अजून बाकी असतात. अशा हवेत वाशांवर दिलेले चकचकीत पॉलिश उलटेच पडले. उन्हाने त्याचा पापुद्रा तडकला, भेगांतून पाणी आत गेले आणि उरलेल्या पापुद्र्याने ते बाहेर पडू दिले नाही.

पत्र्याखालच्या कोरड्या भागात मात्र बुरशीचा मागमूस नव्हता. तिथे पांढऱ्या पट्ट्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गोल छिद्रे होती आणि खालच्या बाकांवर पिठासारखी बारीक पूड पडत होती. हे लिक्टस जातीच्या भुंग्याचे काम. त्याच्या अळ्या रसकाष्ठातील स्टार्चवर जगतात. अंतःकाष्ठाला त्या शिवत नाहीत. सफाई कामगार ती पूड रोज झाडत होते आणि ती छताच्या पत्र्यांवरची धूळ आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते.

उपाययोजना आणि तिच्यातील तडजोडी

पॉलिकार्बोनेटखालील वाशांसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे गरम द्रावण निवडले. पोखरून पोकळ झालेले तीन वासे काढून टाकले, बाकीच्यांवरचे पॉलिश घासून उतरवले आणि द्रावण दोनदा भरपूर पाजले. बोरॉनचे क्षार माणसाला तुलनेने निरुपद्रवी, स्वस्त आणि भुंग्यावर परिणामकारक असतात, शिवाय ओलसर लाकडात ते आपोआप खोलवर झिरपतात. औषध किती आत गेले ते पाहण्याची खूण घरगुती आहे : छेदावर हळदीचा अल्कोहोलमधील अर्क लावून मग सॅलिसिलिक व हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण लावले की बोरॉन असलेला भाग लाल होतो. हेच औषध संपूर्ण मंडपाला द्यावे, कारण ते स्वस्त आहे, असा आग्रह कार्यकारिणीतील एका सदस्यांनी धरला होता. तो मान्य करता आला नाही. बोरॉन लाकडात बांधले जात नाही. उघड्यावर दोन पावसाळ्यांत ते धुऊन जाते आणि मग बागेच्या मातीत जमते, जिथे त्याचे जास्त प्रमाण झाडांनाही सोसत नाही.

उघड्या वाशांची कुजलेली टोके कापून त्यांना कॉपर नॅफ्थेनेट या बुरशीनाशकाचे द्रावण पाजले, वर जस्ताच्या टोप्या बसवल्या आणि पॉलिशऐवजी लाकडात मुरणारे तेल दिले. ते दरवर्षी द्यावे लागते, पण त्याचा पापुद्रा होत नाही.

खांबांबाबत दोन मार्ग होते : जुने काढून एच-५ वर्गाचे नवे पुरणे, किंवा जुन्यांचा चांगला भाग वाचवणे. दुसरा मार्ग निवडण्याचे कारण खर्चापेक्षा वेगळे होते. एक खांब सोडला तर कूज जमिनीच्या थोडी खाली आणि वीतभर वर एवढ्याच पट्ट्यात होती, कारण पाणी आणि हवा दोन्ही भरपूर मिळतात ती जागा तीच. तिच्या वरचे दोन मीटर लाकूड उत्तम होते. सातांपैकी सहा खांब जमिनीपासून एक फूट उंचीवर कापले, खाली तेवढ्या उंचीचे उतरत्या माथ्याचे काँक्रीटचे ओटे बांधले आणि त्यांवर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बूट, म्हणजे खांबाचे बूड धरणाऱ्या बैठकी, बसवून खांबाचे बूड ओट्यापासून इंचभर वर ठेवले. साधे लोखंडी बोल्ट आधीच खाऱ्या हवेने आणि लाकडातील तांब्याने खाल्ले होते. नव्याने कापलेली टोके, म्हणजे तीच उघडी पडलेली दुखरी जागा, दोन टक्के तांबे असलेल्या कॉपर नॅफ्थेनेटच्या बादलीत रात्रभर उभी ठेवली. सातव्या खांबाची कूज छातीच्या उंचीपर्यंत पोहोचली होती. तो पूर्ण बदलावा लागला. पोडियमवरच्या पाच खांबांचे बोल्ट आणि पट्ट्या तेवढ्या बदलल्या.

आर्सेनिकचा मुद्दा एका पालकांनी उपस्थित केला आणि तो रास्त होता. अमेरिकेत या मिश्रणाचा निवासी वापर उत्पादकांनी ३१ डिसेंबर २००३ पासून थांबवला, तो मुख्यतः मुलांच्या हाताला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या चिंतेमुळे. उभ्या खांबांवर दरवर्षी तेलाचा हात दिला की हाताला लागणारे प्रमाण पुष्कळ घटते, म्हणून ते ठेवले; बदललेल्या खांबासाठी मात्र आर्सेनिकऐवजी बोरॉन असलेले तांबे-क्रोम मिश्रण मागवले. खरी अडचण कापून टाकलेल्या तुकड्यांची होती. आपल्याकडे असे लाकूड भंगारवाल्याकडे जाते आणि तिथून जळण म्हणून बेकरीच्या भट्टीपर्यंत पोहोचू शकते. हे लाकूड जाळले की काही आर्सेनिक धुरात आणि उरलेले राखेत जाते. माळ्याने दोन तुकडे शेकोटीसाठी बाजूला ठेवलेच होते. ते परत घेऊन सर्व तुकडे झाकून ठेवले आणि तळोजा येथील घातक कचरा प्रक्रिया केंद्रात पाठवण्याची व्यवस्था केली. संस्थेच्या हिशोबात हा खर्च अनेकांना खटकला. माझ्या मते संपूर्ण कामातला तो सर्वांत योग्य खर्च होता.

काम जानेवारी २०२३ मध्ये संपले. त्यानंतर सोसायटीच्या देखभाल नोंदवहीत दोन कायमच्या नोंदी घातल्या गेल्या : मे महिन्यात तेल, आणि ऑक्टोबरमध्ये टोच्या व ओलावामापकाने तपासणी. ऑक्टोबर २०२४ च्या तपासणीत ओट्यांवरील खांबांपैकी एक सोडून बाकी सर्वांची बुडे १९ टक्क्यांच्या आत होती. त्या एका खांबाच्या बुडाशी मात्र मापक २६ दाखवत होता. माळ्याने फुलझाडांसाठी टाकलेली माती आणि पालापाचोळा ओट्याच्या वर चढून बुटातली फट बुजली होती. ती मोकळी केल्यावर पंधरवड्यात आकडा खाली आला. कारखान्यातले टोक खाली असलेले जमिनीतील दोन खांब, ज्यांना खर्च वाचवण्यासाठी २०२३ मध्ये हात लावला नव्हता, त्यांचा मऊपणा आता आठ मिलिमीटर झाला होता, आणि त्यांनाही पुढच्या पावसाळ्यापूर्वी कापून ओट्यांवर घ्यावे असा ठराव कार्यकारिणीने केला.